कर्णाची सावली

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कोणत्याही गावी जा. तेथील सगळी जमीन एका पातळीत क्वचितच आढळते. नदीकाठी भाताची सपाट खाचरे असतात, त्यांच्या वर वरकस जमिनीचा उतार सुरू होतो आणि चढत चढत तो डोंगराला जाऊन भिडतो. अशा एखाद्या गावात दोघा भावांना वडिलांची जमीन वाटून घ्यावयाची आहे, असे आपण समजू. थोरल्याच्या वाट्यास नदीकाठचा सपाट तुकडा आला, धाकट्याच्या वाट्यास उतारावरचा. दोघांनी एकच दोर घेऊन आपापला तुकडा मोजला. दोन्ही तुकडे बरोबर १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद भरले. जमिनीच्या कसाचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तर वाटणी अगदी समसमान झाली असेच कोणीही म्हणेल. पुढे मोजणीदार आले, त्यांनी यंत्र लावले आणि यथावकाश नकाशा हाती पडला. पाहतात तो काय, थोरल्याच्या तुकड्याची लांबी १०० मीटरच होती. परंतु धाकट्याच्या तुकड्याची लांबी ८६ मीटर ६० सेंटिमीटर इतकीच लिहिलेली होती!

१३ मीटर ४० सेंटिमीटर जमीन गेली कोठे? ५० मीटर रुंदीने गुणून पाहा; ही तूट ६७० चौरस मीटरांची, म्हणजे साडेसहा गुंठ्यांहून अधिक होते. एवढ्या जमिनीत लहानसे घर बांधून भोवती परसबाग फुलविता येईल. धाकट्याच्या मनात मोजणीदाराविषयी संशय येणे स्वाभाविक आहे, आणि कदाचित थोरल्या भावाविषयीही. घरात अबोला सुरू होण्यास याहून लहान कारणेही पुरतात.

आता खरे पाहता येथे कोणीही लबाडी केलेली नाही. दोर खोटा नाही आणि नकाशाही खोटा नाही. दोराने मोजली ती उतारावरची लांबी. नकाशात दाखविली ती आडवी लांबी. आकाशात उंच घिरट्या घालणाऱ्या घारीला खालचे शेत जसे दिसेल, तसे ते नकाशात काढलेले असते. घारीला चढ दिसत नाही. तिला केवळ पसारा दिसतो.

“पण उतारावरची लांबी का धरीत नाहीत? पायाखालची जमीन तर तीच आहे!” असे तुम्ही विचाराल. याला दोन उत्तरे आहेत. पहिले पावसाचे. सरळ खाली पडणारा पाऊस जमीन तिरपी आहे म्हणून जास्त पडत नाही. पावसाच्या धारांना उतारावरचे १०० मीटर हे वरून ८६ मीटर ६० सेंटिमीटरच असतात, आणि तेवढेच पाणी त्या शेताच्या वाट्यास येते. दुसरे उत्तर अधिक बळकट आहे. एका टेकडीच्या दोन्ही अंगांना मिळून दोन शेते आहेत असे समजा. टेकडीवरून चढून उतरून दोराने मोजले तर १०० आणि १०० मिळून २०० मीटर भरतात. परंतु त्याच दोन टोकांमधील सरळ आडवे अंतर केवळ १७३ मीटर २० सेंटिमीटर आहे. शेजारच्या सपाट शिवारातून मोजणाऱ्यास हे दुसरे अंतर मिळणार. उतारावरच्या लांब्या जशाच्या तशा कागदावर उतरविल्या, तर एका गावाच्या नकाशात ही दोन्ही मोजमापे एकमेकांशी जुळणार कशी? शेताला शेत भिडणार नाही आणि बांधाला बांध मिळणार नाही. म्हणून जमिनीचे मोजमाप आडव्या अंतराने करावयाचे, असा जगभर रिवाज आहे. मात्र धाकट्या भावास त्या बाजूने तारेचे कुंपण घालावयाचे असेल, तर त्याने नकाशावर विसंबून ८६ मीटर तार आणू नये. तेथे तार १०० मीटरच लागेल. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रत्येकाचे काम वेगळे आहे, इतकेच.

पूर्वी आपल्याकडे जमीन मोजावयाची साखळी ३३ फूट लांब असे आणि तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशा जमिनीस गुंठा म्हणत, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर होई. साखळी गेली, पण गुंठा हा शब्द आजही लोकांच्या तोंडी आहे. चढावर मोजताना दोघे जण ती साखळी आडवी, अगदी पाण्याच्या पातळीसारखी ताणून धरीत, उताराच्या बाजूच्या टोकापासून ओळंबा खाली सोडीत आणि तो जेथे टेकेल तेथे खूण करीत. अशा पायऱ्यापायऱ्यांनी ते उतार मोजीत. काम बिनचूक होई, पण फार वेळखाऊ. त्याहून सोपा असा एक मार्ग आहे. दोराने उतार मोजावा, उताराचा कोन मोजावा आणि आडवे अंतर गणिताने काढावे. त्या गणितात जी एक संख्या लागते, तिचे नाव कोज्या.

वहीत एक आडवी रेघ काढा. तिच्या डाव्या टोकास अ म्हणा. अ पासून वर चढत जाणारी दुसरी रेघ काढा. हा झाला डोंगराचा उतार. उताराच्या वरच्या टोकास क म्हणा. क पासून आडव्या रेघेवर ओळंबा सोडल्याप्रमाणे सरळ लंब टाका आणि तो टेकेल तेथे ब हे अक्षर लिहा. अ ब क हा काटकोन त्रिकोण तयार झाला. ब येथे काटकोन आहे. काटकोनासमोरची तिरपी बाजू अ क हिला कर्ण म्हणतात, हे तुम्हांस ठाऊक आहेच. अ येथील कोन हा उताराचा कोन. या कोनाला चिकटून दोन बाजू आहेत. एक कर्ण आणि दुसरी अ ब. कर्णाला त्याचे स्वतंत्र नाव असल्यामुळे ‘लगतची बाजू’ म्हणजे अ ब, असेच नेहमी समजावयाचे. येथे पुष्कळ विद्यार्थी फसतात. कर्णही कोनाला लागूनच आहे, म्हणून ते त्यालाच लगतची बाजू समजतात आणि सगळे गणित उलटेपालटे करून ठेवतात. दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. लगतची बाजू ही त्रिकोणाची कायमची बाजू नव्हे. ती कोनाप्रमाणे बदलते. अ या कोनाची लगतची बाजू अ ब आहे. पण तुम्ही वर चढून क या कोनापाशी उभे राहिलात, तर तुमच्या लगतची बाजू क ब होईल. आपल्या शेजारचे घर कोणते, हे आपण कोठे राहतो यावर अवलंबून असते; तसेच हे आहे.

लगतच्या बाजूच्या लांबीस कर्णाच्या लांबीने भागले म्हणजे जी संख्या येते, ती त्या कोनाची कोज्या होय. इंग्रजी पुस्तकांच्या प्रभावाने आता तिला कोसाइन असेही म्हणतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो विचारणारा विद्यार्थी मला विशेष आवडतो. त्रिकोण लहान काढला तर बाजू लहान, मोठा काढला तर बाजू मोठ्या. मग कोज्याही बदलणार नाही का? करून पाहा. त्याच उतारावर क च्या खाली आणि वर आणखी दोन-तीन बिंदू घ्या आणि प्रत्येकापासून लंब टाका. लहानमोठे त्रिकोण एकात एक बसलेले दिसतील. त्या सर्वांचे कोन सारखे आहेत, म्हणून ते समरूप आहेत; एक दुसऱ्याचे मोठे केलेले चित्रच जणू. चित्र दुप्पट केले की कर्ण दुप्पट होतो आणि लगतची बाजूही दुप्पट होते. भागाकार मात्र हलत नाही. म्हणून कोज्या ही त्रिकोणाची नसून कोनाची असते. वहीतल्या दहा सेंटिमीटरांच्या त्रिकोणावरून काढलेली संख्या डोंगरावरच्या शंभर मीटरांना जशीच्या तशी लागू पडते, ती याच कारणाने. या एका गोष्टीत सगळी त्रिकोणमिती साठविलेली आहे असे म्हटले, तरी अतिशयोक्ती होणार नाही.

काही कोनांची कोज्या काढण्यास मोजपट्टीचीही गरज नाही. केवळ विचार पुरतो. तिन्ही बाजू २ सेंटिमीटर असलेला समभुज त्रिकोण घ्या. त्याचे तिन्ही कोन ६० अंशांचे असतात. वरच्या टोकापासून पायावर लंब टाका. पाया बरोबर मधोमध दुभंगतो आणि दोन काटकोन त्रिकोण मिळतात. त्यांतील एकाकडे पाहा. कर्ण २, ६० अंशांच्या कोनालगतची बाजू १. म्हणून ६० अंशांची कोज्या १ भागिले २, म्हणजे बरोबर अर्धा. आता त्याच त्रिकोणाच्या वरच्या टोकाकडे पाहा. तेथील कोन दुभंगून ३० अंशांचा झाला आहे आणि त्याच्या लगतची बाजू म्हणजे तो उभा लंब. लंबाची लांबी आपण मोजलेली नाही, पण पायथागोरसच्या सिद्धान्ताने ती सापडते. कर्णाचा वर्ग ४, पायाचा वर्ग १, वजाबाकी ३. म्हणून लंब हा ३ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.७३२. त्यास कर्णाने, म्हणजे २ ने भागा. ०.८६६ ही झाली ३० अंशांची कोज्या. धाकट्या भावाचा उतार ३० अंशांचा होता. (शेतासाठी हा उतार फारच खडा झाला, पण हिशेबास सोयीचा म्हणून घेतला.) १०० मीटरांस ०.८६६ ने गुणा, आणि नकाशातील आकडा तुमच्यासमोर उभा राहील.

४५ अंशांसाठी एक चौरस घेऊन त्याचा कर्ण काढावा. बाजू १ असेल तर कर्ण २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१४, आणि १ भागिले १.४१४ हे सुमारे ०.७०७ भरते.

कित्येकदा कोन मुळीच सांगितलेला नसतो, दोन बाजू मात्र ठाऊक असतात. समजा, कर्ण १७ आणि कोनासमोरची बाजू ८ आहे. लगतची बाजू दिलेली नाही म्हणून थांबू नये. १७ चा वर्ग २८९, ८ चा वर्ग ६४, वजाबाकी २२५, तिचे वर्गमूळ १५. ही लगतची बाजू झाली, आणि कोज्या १५ भागिले १७. कोन किती अंशांचा आहे हे न कळताही त्याची कोज्या कळली! ज्या माणसाला आडवे अंतर तेवढे हवे आहे, त्याचे कोनावाचून काही अडत नाही.

उरलेल्या कोनांसाठी एक युक्ती सांगतो. आलेखाच्या कागदावर १० सेंटिमीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाकार कंस काढा. कोनमापकाने केंद्रापासून १०, २०, ३० अशा अंशांच्या रेघा कंसापर्यंत न्या आणि प्रत्येक टोकापासून आडव्या रेघेवर लंब सोडा. प्रत्येक त्रिकोणाचा कर्ण १० सेंटिमीटर. त्यामुळे लगतची बाजू मोजून दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकविले की कोज्या तयार. काळजीपूर्वक काढलेल्या आकृतीत १० अंशांना ०.९८५, २० ला ०.९४०, ३० ला ०.८६६, ४० ला ०.७६६, ५० ला ०.६४३, ६० ला ०.५, ७० ला ०.३४२ आणि ८० ला ०.१७४ यांच्या अगदी जवळचे आकडे मिळावेत. रेघ मुळीच चढत नाही, तेव्हा कर्ण आणि लगतची बाजू एकच होतात, म्हणून शून्य अंशांची कोज्या १. रेघ सरळ उभी राहिली की लगतच्या बाजूला लांबीच उरत नाही, म्हणून ९० अंशांची कोज्या शून्य.

या आकड्यांकडे नुसते पाहून पुढे जाऊ नका. कोन दुप्पट झाला म्हणून कोज्या निम्मी होत नाही. आरंभी ती फार सावकाश उतरते आणि पुढे तिचा वेग वाढत जातो. पाच अंशांच्या उतारावर १०० मीटरांमागे केवळ ३८ सेंटिमीटरांचा फरक पडतो. दहा अंशांवर दीड मीटरांचा. वीस अंशांवर सहा मीटरांचा. आणि तीस अंशांवर साडेतेरा मीटरांच्या घरात. म्हणूनच सौम्य उताराच्या रानात नुसत्या दोराने केलेली वाटणी पिढ्यान् पिढ्या खपून जाते आणि डोंगराच्या कुशीत तीच वाटणी तंट्याला कारण होते.

कोज्या हे नाव कोठून आले, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या जुन्या ज्योतिर्विदांनी वर्तुळाच्या तुकड्यात ताणलेले धनुष्य पाहिले. वर्तुळाचा कंस म्हणजे चाप, म्हणजेच धनुष्य. त्याची दोन टोके जोडणारी रेघ म्हणजे ज्या, अर्थात् धनुष्याची दोरी. पुढे हिशेबाला अर्धी दोरीच सोयीची पडते असे दिसून आल्यामुळे अर्ध्या दोरीलाच ज्या म्हणू लागले. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंना भुज आणि कोटि अशी नावे होती; त्या कोटीवरून कोटिज्या हा शब्द झाला आणि तो झिजून कोज्या. काटकोन पुरा होण्यास कोनाला जेवढे अंश कमी पडतात, तेवढ्या अंशांची ज्या म्हणजे मूळ कोनाची कोटिज्या. म्हणून ३० अंशांची कोज्या आणि ६० अंशांची ज्या एकच. धनुष्याच्या दोरीपासून चापापर्यंत जे अंतर उरते, त्याला शर म्हणजे बाण असे सुरेख नाव होते. ते त्रिज्येतून कोटिज्या वजा करून मिळते. धाकट्या भावाचे हरवलेले १३ मीटर ४० सेंटिमीटर म्हणजे दुसरे काही नसून १०० मीटर त्रिज्येच्या धनुष्याचा शर होय!

आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीय’ हा ग्रंथ रचला. त्यात काटकोनाचे २४ समान भाग पाडून ज्या काढण्याची सोय केलेली आहे. त्याने वर्तुळाची त्रिज्या ३४३८ धरली. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यात मोठे चातुर्य आहे. वर्तुळाचे अंश ३६० आणि प्रत्येक अंशाच्या कला ६०, म्हणजे परिघ २१,६०० कलांचा. अशा परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या जवळजवळ ३४३८ कला भरते. म्हणजे वाकडा कंस आणि सरळ रेघ ही दोन्ही त्याने एकाच मापाने मोजली. त्याच्या हिशेबाप्रमाणे ३० अंशांची ज्या १७१९ येते, म्हणजे ३४३८ च्या बरोबर निम्मी. आणि ६० अंशांची २९७८ येते. २९७८ ला ३४३८ ने भागून पाहा, उत्तर ०.८६६ च्या घरातच येईल. कागद दुर्मिळ, दशांश अपूर्णांक लिहिण्याची आजची रीत नाही, आणि तरी हा नेमकेपणा!

ज्या या शब्दाचाच पर्याय जीवा. तो अरब पंडितांकडे जाऊन ‘जीबा’ झाला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढच्या वाचकांनी तीच अक्षरे ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा उरावरचा घोळ. खिशाला हिंदीत जेब म्हणतात ते यावरूनच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द घातला आणि धनुष्याची दोरी युरोपात वस्त्राची घडी होऊन बसली. तिच्यावरून साइन आणि कोसाइन. त्यांपैकी ‘को’ हे उपपद जोडून नवे नाव रूढ करण्याचे श्रेय एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञास देतात. काळ १६२० चा. मौज अशी की, जमीन मोजावयाची ६६ फुटी साखळीही याच गंटरने प्रचारात आणली, आणि आपली ३३ फुटी साखळी तिच्या बरोबर निम्मी होती. कोज्या आणि साखळी यांचे नाते इतके जुने आहे.

हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे घातला गेला. विल्यम लॅम्ब्टन याने सुमारे साडेसात मैलांची एक आधाररेषा पोलादी साखळीने मोजली, आणि जेथे जेथे साखळी तिरपी पडली तेथे तेथे तिचा कोन घेऊन ती लांबी हिशेबाने आडवी केली. त्या एका रेषेवरून पुढे त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत ही मोजणी हिमालयापर्यंत गेली. आधाररेषेत चढउताराची चूक राहिली असती, तर ती प्रत्येक त्रिकोणाबरोबर पुढे गेली असती. आजकाल मोजणीदार तिपाईवर जे इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवतात, ते प्रकाशकिरण पाठवून तिरपे अंतर मोजते, कोन टिपते आणि आडवे अंतर काढून पडद्यावर दाखविते. गुणाकार यंत्र करते; गणित तेच आहे.

आमच्या प्रांताचा या विषयाशी आणखी एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाशी, चांगदेवाशी, निगडित असा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. त्या भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. पृथ्वीचा परिघ त्यांनी ४९६७ योजने मानला. परंतु हा परिघ विषुववृत्तावरचा. आपण उत्तरेस सरकलो की आपल्या गावातून पूर्व-पश्चिम काढलेले वर्तुळ लहान होत जाते. किती लहान? आपल्या ज्योतिर्विदांची रीत अशी होती की, पृथ्वीच्या परिघास गावाच्या लंबज्येने गुणावे आणि त्रिज्येने भागावे. लंबज्या म्हणजे अक्षांशाची कोज्याच. पृथ्वीच्या केंद्रापासून गावापर्यंतची त्रिज्या हा कर्ण समजा. गावापासून पृथ्वीच्या आसापर्यंतचे अंतर ही त्या कर्णाची आडवी सावली. विषुववृत्ताचा परिघ आज ४०,०७५ किलोमीटर मोजला आहे. मुंबईचे अक्षांश सुमारे १९, त्याची कोज्या ०.९४५५, म्हणून मुंबईतून जाणारे वर्तुळ सुमारे ३७,९०० किलोमीटरांचे. आणि ६० अक्षांशांवर? तेथील पूर्व-पश्चिम फेरी विषुववृत्ताच्या निम्मीच, हे आता तुम्ही कागद-पेन्सिलीवाचून सांगाल.

एवढ्या दूर कशाला, घरातली शिडी घ्या. आंबे उतरविणारा किंवा भिंत रंगविणारा मनुष्य शिडी टेकवितो, तेव्हा शिडी हा कर्ण असतो आणि भिंतीपासून शिडीच्या पायापर्यंतची जमीन ही लगतची बाजू. शिडी फार पसरली तर पाय सरकतो. फार उभी राहिली तर चढणाऱ्यासह मागे कोसळते. अनुभवी लोक शिडीच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतके अंतर ठेवतात. चार मीटरांच्या शिडीचा पाय भिंतीपासून एक मीटर. म्हणजे कोज्या ०.२५. तुमच्या पाव वर्तुळाच्या आडव्या रेघेवर अडीच सेंटिमीटरांपाशी खूण करून तेथून सरळ वर कंसापर्यंत जा आणि केंद्राशी कोन मोजा. तो साडेपंचाहत्तर अंशांच्या आसपास भरेल. तीच शिडी कोणी दोन मीटर पसरून लावली असेल, तर कोन ६० अंशांवर येतो. अशा शिडीवर चढणाऱ्यास आपण वेळीच हाक मारून थांबविले पाहिजे.

आता सावलीचे सांगतो. सूर्य अगदी डोक्यावर असेल, तर तिरप्या धरलेल्या काठीची सावली ही बरोबर तिची लगतची बाजू असते. सावली भागिले काठी, हीच कोज्या. परंतु सूर्य अगदी डोक्यावर रोज येत नाही. महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपल्याकडे तो वर्षातून दोनदा येतो. पुण्यास १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईस १५-१६ मेच्या सुमारास, नागपुरास २६ मेच्या सुमारास. दुसरी खेप जुलैअखेरीच्या मागेपुढे, पण तेव्हा आभाळ बहुधा ढगांनी झाकलेले असते. म्हणून मेमधला दिवस साधावा. मुंबई-पुण्याकडे ही वेळ दुपारी बारा वाजता नव्हे, तर साडेबाराच्या आसपास येते.

दोन मीटर लांबीची एक सरळ काठी, दोरा, दगड आणि मोठा कोनमापक एवढे साहित्य पुरे. कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा बांधून त्याला दगड लटकवावा. हा ओळंबा झाला. कोनमापकाची सरळ कड काठीला लावली की दोरा जेथे थांबेल, तेथून काठीचा चढ मोजता येतो; काठी आडवी असताना दोरा ९० वर असतो, आणि तेथून तो जितके अंश हलेल तितका काठीचा कोन. अंगण किंवा गच्ची सपाट आहे ना, हे पाहून घ्यावे. सूर्याकडे मात्र मुळीच पाहू नये. आपले काम जमिनीवर आहे. आधी काठी सरळ उभी करावी. तिची सावली बुंध्याशी लुप्त झाली, की वेळ आली असे समजावे. मग एकाने काठी ६० अंशांवर धरावी, दुसऱ्याने सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी आणि तिसऱ्याने पट्टीने मोजावे. सावली एक मीटर भरेल. ४५ अंशांवर ती सुमारे १ मीटर ४१ सेंटिमीटर आणि ३० अंशांवर १ मीटर ७३ सेंटिमीटर झाली पाहिजे. हात चपळ हवेत; काही मिनिटांतच सूर्य पश्चिमेकडे कलतो आणि सावली आपल्या त्रिकोणातून बाहेर सरकू लागते.